मायनस जी काढून चिपमधली जागा वाढत नाही हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल, फक्त मधला एलफ फाईलचा भाग तेवढा राहू द्या. तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर मोबाईल येतात, लॅपटॉप येतात, हल्ली एआय तर रोजच येतं, पण वॉशिंग मशीनमध्ये, विजेच्या मीटरमध्ये, ताप मोजायच्या बंदुकीत जो नखाएवढा कंप्युटर बसलेला असतो त्याच्याबद्दल कधी दोन ओळी दिसत नाहीत. मी गेली बरीच वर्षं याच चिपांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, आम्ही त्याला फर्मवेअर म्हणतो. आणि एक गैरसमज आहे, की कंपायलरला, म्हणजे आपला कोड चिपच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलेलं मायनस जी काढलं की चिपमधली जागा वाचते. तो मला दर नव्या मुलामुलीत दिसतो, आणि खरं सांगायचं तर अनुभवी लोकांतही दिसतो, तो एकदाचा छापून यावा म्हणून हे लिहितोय.

आधी जागेचा अंदाज देतो. शिकणारी मुलं जे बोर्ड सर्रास वापरतात त्यातली ॲटमेगा ३२८पी ही चिप घ्या. प्रोग्रॅम ठेवायला फ्लॅश ३२ केबी आणि चालताना लागणारी रॅम २ केबी. केबी हं, जीबी नाही, एमबी पण नाही! २ केबी म्हणजे २०४८ बाईट. १२८ बाय ६४ ठिपक्यांचा छोटासा एकरंगी डिस्प्ले लावला आणि त्याचं चित्र रॅममध्ये ठेवलं की १०२४ बाईट गेले, म्हणजे अर्धं घर एका पाहुण्याने व्यापलं. ॲटटायनी ८५ मध्ये तर रॅम ५१२ बाईट, हे पत्र त्यात मावणार नाही.

तर अशा ठिकाणी काम करताना एक दिवस लिंकर, म्हणजे कोडाचे तुकडे जोडून शेवटची फाईल बनवणारा प्रोग्रॅम, ओरडतो की जागा संपली, अमुक इतके बाईट जास्त होतायत. मग टीममधलं कोणीतरी म्हणतं, अरे ते मायनस जी काढ ना, डीबग इन्फोने फाईल फुगलीये. मायनस जी म्हणजे कंपायलरला दिलेला एक इशारा, की बाबा मशीन कोड तर बनवच पण सोबत हेही लिहून ठेव की कुठली सूचना कुठल्या फाईलच्या कुठल्या ओळीतून आली, कुठला व्हेरिएबल कुठल्या पत्त्यावर आहे, कुठल्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या व्हेरिएबलांच्या गाठोड्यात, काय कितव्या बाईटला बसलंय. चुका शोधायला लागणारी हीच ती डीबग इन्फो. हे सगळं फाईलमध्ये दिसतं आणि फाईल खरंच मोठी दिसते, माझ्या एका प्रोजेक्टची एलफ फाईल, म्हणजे बिल्ड झाल्यावर पीसीवर तयार होणारी पूर्ण फाईल, ९०० केबीच्या वर होती आणि चिपचा फ्लॅश होता ६४ केबी. नवीन माणूस घाबरणारच!

पण त्या ९०० केबीतलं चिपमध्ये गेलं किती, तर २९ केबी. बाकी सगळं पीसीवरच राहिलं. एलफ फाईलमध्ये वेगवेगळे सेक्शन असतात, टेक्स्ट म्हणजे कोड, डेटा म्हणजे सुरुवातीची किंमत असलेले व्हेरिएबल, बीएसएस म्हणजे शून्याने सुरू होणारे, आणि मग डीबग नावाने सुरू होणारे पाच-दहा सेक्शन. या डीबगवाल्यांवर "मला मेमरीत जागा हवी" असा शिक्काच नसतो. ऑब्जकॉपी नावाच्या टूलने चिपमध्ये चढवायची बिन किंवा हेक्स फाईल काढली की ते मागेच राहतात. नाटकात विंगेत प्रॉम्प्टर वही घेऊन उभा असतो, त्याच्या वहीला स्टेजवर जागा लागते का? तसंच हे.

आणि कोड तरी बदलतो का, तर तेही नाही. जीसीसी हा आमचा नेहमीचा कंपायलर, तो बनवणाऱ्यांचा दंडकच आहे की मायनस जी दिलं काय न दिलं काय मशीन कोड तोच यायला हवा, वेगळा आला तर तो कंपायलरमधला बग, आणि हे तपासायला त्यांनी कंपेअर-डीबग नावाचा वेगळा ऑप्शनही ठेवलाय. माझ्यावर विश्वास ठेवू नका, एकच प्रोजेक्ट दोनदा बिल्ड करा, एकदा मायनस जी घालून एकदा काढून, दोन्हीच्या बिन फाईली काढा आणि बाईट-बाईट ताडून बघा. कोडात बिल्डची वेळ छापत असाल तर तेवढा फरक दिसेल, तो तुमचा.

मग हा गैरसमज आला कुठून? मला वाटतं एडिटरमधल्या त्या डीबग आणि रिलीज अशा दोन बटणांमधून. डीबग निवडलं की मायनस जी तर लागतंच पण त्याच्या जोडीला ऑप्टिमायझेशनही, म्हणजे कोड आटोपशीर करणं, बंद होतं, म्हणजे मायनस ओ झिरो, आणि रिलीज निवडलं की बहुतेक ठिकाणी जागा वाचवणारं मायनस ओ एस लागतं आणि मायनस जी गायब होतं. कोड फुगतो तो ओ झिरोने, शिव्या खातं जी. चोर सोडून संन्याशाला फाशी! खरं तर ओ एस आणि जी दोन्ही एकत्र द्यायला काहीच अडचण नाही, मी रिलीजसुद्धा तसंच करतो. हां, ऑप्टिमाईझ केलेल्या कोडात डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम थांबवत थांबवत तपासायचं टूल, ओळीओळीने पुढे नेताना उड्या मारतो, काही व्हेरिएबल विचारला तर "ऑप्टिमाईज्ड आऊट" असं तोंडावर सांगतो, ते सहन करावं लागतं. मधला रस्ता म्हणून २०१३ साली जीसीसी ४.८ मध्ये ओ जी असा प्रकार आला, टेबलावर बसून बग शोधताना तो बरा. पण यंत्रात जे जाणार तेच तपासायचं असेल तर ओ एसची सवय लावून घ्यावी हे माझं मत.

इथे एक प्रामाणिक कबुली दिली पाहिजे, डीबगसारखं दिसणारं सगळंच फुकट नसतं. ईएच फ्रेम नावाचा एक सेक्शन आहे, सी प्लस प्लसच्या एक्सेप्शनसाठी लागतो, तो चिपमध्ये जाऊ शकतो. असर्ट, म्हणजे 'हे असंच असलं पाहिजे' अशी कोडातली तपासणी, लिहिलात की त्यात फाईलचं नाव येतं, तेही कधीकधी पूर्ण रस्त्यासकट, म्हणजे तुमच्या पीसीवरचं युजरनेम, फोल्डर, त्यातलं फोल्डर, सगळी वंशावळ त्या बिचाऱ्या ३२ केबीत जाऊन बसते. प्रिंटएफचे लांबलचक मेसेज तर आहेतच. आणि ॲटमेगासारख्या एव्हीआर चिपवर तर गंमत अशी की साधी लिहिलेली स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, फ्लॅशमध्ये तर असतेच पण चालू होताना रॅममध्येही कॉपी होते, कॉन्स्ट, म्हणजे न बदलणारी, असं लिहिलं तरी, जोपर्यंत तुम्ही प्रोगमेम लावून 'फ्लॅशमध्येच ठेव' असं स्पष्ट सांगत नाही तोपर्यंत. पंचवीस एरर मेसेज छान सभ्य भाषेत लिहिलेत की २ केबीतले पाच-सहाशे बाईट गेलेच समजा. जागा खाणारे हे लोक आहेत, त्यांना पकडा.

आणि पकडायचे कसे, तर ज्याला हाकलायला निघालात त्याच डीबग इन्फोने! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. एनएम नावाचं टूल आहे, त्याला साईझने क्रम लावायला सांगा आणि सोबत ओळ नंबर दाखवायला सांगा, ओळ नंबर डीबग इन्फोतून येतो, की लगेच समोर येतं की सगळ्यात मोठा व्हेरिएबल कोण, कितीचा आणि कुठल्या फाईलच्या कुठल्या ओळीत. मला एकदा यात ५१२ बाईटचा एक बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची जागा, सापडला जो दोन वर्षांपूर्वी कोणीतरी टेस्टिंगसाठी ठेवला होता, आणि विचारल्यावर लिहिणारा म्हणाला, अरे हो, तो काढायचाच होता.

पण माझं सगळ्यात लाडकं टूल म्हणजे पाहोल. नाव इंग्रजीतून आलंय, भोक शोधणारं अशा अर्थाने, पण मला ते कायम मराठीच वाटतं, पाहाल तर सापडेल. हे डीबग इन्फो वाचून तुमच्या स्ट्रक्चरमधली रिकामी भोकं दाखवतं. उदाहरण देतो. सेन्सरची एक नोंद आहे, आधी १ बाईटचा नंबर, मग ४ बाईटची वेळ, मग १ बाईटचं स्टेटस, मग २ बाईटची किंमत. बेरीज किती, ८. पण ३२ बिटच्या एआरएम चिपवर ही नोंद १२ बाईट खाते. कारण ४ बाईटची वस्तू चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसवायची असते, म्हणून नंबरानंतर ३ बाईट रिकामे सोडले, आणि २ बाईटची वस्तू सम पत्त्यावर, म्हणून स्टेटसनंतर १ रिकामा. आता क्रम बदला, वेळ आधी, मग किंमत, मग नंबर आणि स्टेटस. बरोबर ८ बाईट! अशा २०० नोंदी रॅममध्ये ठेवत असाल तर २४०० चे १६०० झाले, ८०० बाईट मिळाले, एकही फीचर न काढता, एकही ओळ न वाढवता. हे नजरेने दिसत नाही, कोड वाचताना सगळं नीटनेटकंच वाटतं, कंपायलरलाच विचारावं लागतं, आणि त्याने ते डीबग इन्फोत आधीच लिहून ठेवलेलं असतं. ८ बिटच्या एव्हीआरवर मात्र ही भानगड नाही, तिथे भोकं पडतच नाहीत, तेव्हा तिथे शोधत बसू नका.

स्टॅकचं थोडक्यात. लिंकर सांगतो ती रॅम फक्त कायमच्या व्हेरिएबलची, फंक्शनांनी चालताना स्टॅक, म्हणजे तात्पुरती जागा, किती वापरला ते त्यात नसतं. जीसीसीला स्टॅक-युसेज सांगितलं की प्रत्येक फंक्शनचा आकडा वेगळ्या फाईलमध्ये लिहून देतो. ही फाईलही चिपमध्ये जात नाही. बघत जा एवढंच.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, पत्र लिहायचं खरं कारण तेच. एका प्रॉडक्टचं फर्मवेअर आम्ही केलं होतं, कॉर्टेक्स-एम० ची चिप, ८ केबी रॅम, यंत्रं माणसाने सहज जावं अशा ठिकाणी नाहीत. ती मधूनच रिसेट व्हायची, कधी दोन दिवसांनी कधी आठवड्याने. एक शहाणपण आम्ही केलं होतं, या चिपवर हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम पुढे जाऊच न देणारा बिघाड, आला की हार्डवेअर स्वतःच ८ रजिस्टर म्हणजे ३२ बाईट स्टॅकवर टाकतं, त्यातला प्रोग्रॅम काउंटर (कुठल्या पत्त्यावर अडलं) आणि लिंक रजिस्टर (परत कुठे जायचं होतं) एवढे दोनच आम्ही रॅमच्या अशा कोपऱ्यात ठेवायचो जो रिसेटनंतर पुसला जात नाही, आणि यंत्र परत उठलं की ते ८ बाईट पाठवून द्यायचं. ८ बाईटमध्ये अख्खा पंचनामा! घरी एलफ फाईलला ॲडर-टू-लाईनने विचारायचं, या पत्त्यावर कोण राहतं, की ते फाईल, ओळ, फंक्शन, आणि कंपायलरने एकात एक घुसवलेली फंक्शनं असतील तर त्यांची साखळीसुद्धा सांगतं.

पत्ता आला. एलफ फाईल नव्हती. ज्याने रिलीज केलं त्याने बिन फाईल जपून ठेवली आणि बाकीचा बिल्ड फोल्डर साफ केला, कारण काय तर मोठा होता. म्हटलं हरकत नाही, सोर्स आहे ना, परत बिल्ड करू. केला, मधल्या काळात कंपायलरचं व्हर्जन बदललं होतं हे कोणाच्या लक्षातच नाही. ॲडर-टू-लाईनला पत्ता दिला, त्याने क्षणात उत्तर दिलं, एलईडी लुकलुकवणाऱ्या फंक्शनची ओळ. आणि आम्ही तीन दिवस, मी शपथेवर सांगतो, तीन दिवस त्या एलईडीच्या चार ओळींकडे दोन सीनियर इंजिनिअर टक लावून बघत बसलो होतो. चुकीची एलफ फाईल "मला माहीत नाही" म्हणत नाही हो, ती बिनधास्त खोटं सांगते.

मधल्या काळात लॉगिंग, म्हणजे काय चाललंय ते यंत्राने मेसेजने कळवणं, वाढवायचाही प्रयत्न झाला, मेसेज घातले, फ्लॅश भरला, ते बसावं म्हणून दुसरं काहीतरी काढलं, आणि त्या व्हर्जनमध्ये बग यायचाच बंद झाला. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. शेवटी डोकं ताळ्यावर आलं, तोच सोर्स परत बिल्ड केला, या वेळी एलफ जपून ठेवली, दोन यंत्रांत टाकला आणि गप्प बसलो. अकराव्या दिवशी पत्ता आला आणि दोन मिनिटांत ओळ सापडली. आलेल्या मेसेजच्या बाईटच्या बफरमधून ४ बाईटचा आकडा थेट पॉइंटरचा (पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलचा) प्रकार बदलून वाचला होता. एम० ला चारच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून ४ बाईट वाचता येत नाहीत, लगेच हार्डफॉल्ट. मेसेजमधला आधीचा मजकूर चारच्या पटीत लांब असला की सगळं सुरळीत, आणि आमच्या टेस्टमधले सगळे मेसेज नेमके तसेच होते. टेबलावर कधीच न येणारा बग असा असतो.

तेव्हापासून माझ्या टीममध्ये नियम आहे, बिन फाईल एकटी कुठे जात नाही. बिन, एलफ, मॅप फाईल (काय कुठल्या पत्त्यावर बसलं त्याची लिंकरने दिलेली यादी) आणि कंपायलरचं व्हर्जन असं चौघांचं बिऱ्हाड एकत्र ठेवायचं. आणि चिपमधल्या फर्मवेअरची हीच ती एलफ हे ओळखायला लिंकरचा बिल्ड-आयडी वापरायचा, २० बाईटचा ठसा, हेडर धरून ३६ बाईट, एवढी जागा मात्र खुशाल द्या. यंत्र पत्त्यासोबत ठसाही पाठवतं, जुळला नाही तर पुढे बघायचंच नाही. फक्त एक सांभाळा, डीबग इन्फोवाली एलफ घराबाहेर देऊ नका, त्यात तुमच्या फंक्शनांची, व्हेरिएबलांची नावं आणि फोल्डरचे रस्ते उघडे असतात. अपडेट म्हणून गिऱ्हाईकाला एलफच पाठवणारे महाभाग मी पाहिलेत.

हीच युक्ती लॉगलाही लावता येते, मेसेजचा मजकूर एलफमधल्या न चढणाऱ्या सेक्शनमध्ये ठेवायचा आणि यंत्राने फक्त त्याचा नंबर आणि आकडे पाठवायचे, वाक्य पीसीवर जोडायचं. रस्ट भाषेवाल्यांकडे हे तयार मिळतं, सी मध्ये थोडी खटपट करावी लागते. आम्ही केली, आणि जे मेसेज जागेअभावी काढले होते ते सगळे परत आले.

हे सगळं जुनंच ज्ञान आहे, मी काही शोध लावला नाही. डीबग इन्फोचा हा जो फॉरमॅट आहे त्याचं नाव ड्वार्फ, म्हणजे बुटका, एलफ म्हणजे परीकथेतला तो टोकदार कानांचा, त्याच्या जोडीला कोणीतरी गमतीत ठेवलेलं नाव. पाचवी आवृत्ती २०१७ ची. नावाला बुटका, फाईलमध्ये एलफच्या कोडापेक्षा कितीतरी पट मोठा.

आणि जपून ठेवलेल्या नोंदींची ताकद बघायची तर व्हॉयेजर १ बघा. १९७७ साली सोडलेलं यान, २०२३ च्या नोव्हेंबरपासून अर्थहीन डेटा पाठवायला लागलं. मार्च २०२४ मध्ये नासाच्या लोकांनी त्याला एक कमांड पाठवून डिवचलं, आणि जे उत्तर आलं त्यात त्या कंप्युटरच्या अख्ख्या मेमरीची प्रत होती. ती त्यांनी बिघाडाच्या आधी आलेल्या प्रतीशी ताडून बघितली, आणि कळलं की मेमरीचा साधारण ३ टक्के भाग सांभाळणारी एक चिप गेलीये. तिथला कोड तुकडे करून दुसऱ्या जागांत बसवला, एप्रिलमध्ये यानाच्या तब्येतीची माहिती परत नीट यायला लागली. तेव्हाचं अंतर २४ अब्ज किलोमीटर, निरोप जायला साडेबावीस तास. यानात काय बिघडलं ते सापडलं कारण जुनी प्रत जमिनीवर होती! आणि आमच्याकडे शेजारच्या टेबलावरच्या पीसीवरची फाईल रिसायकल बिनमध्ये.

तेव्हा जे शिक्षक फर्मवेअरचे प्रोजेक्ट तपासतात त्यांना तुमच्या पेपरमार्फत एकच विनंती, मुलांकडून बिनसोबत एलफ आणि मॅपही मागा, आणि तोंडी परीक्षेत एक पत्ता देऊन विचारा, इथे कोण राहतं सांग. मार्क किती द्यायचे ते तुम्ही ठरवा.

आपला,
एक फर्मवेअरवाला वाचक

ता. क. त्या पहिल्या व्हर्जनची काही यंत्रं अजून चालू आहेत, ती लांबून अपडेट होत नाहीत. त्यातलं एक दीडेक महिन्याने एकदा ८ बाईट पाठवतं, आणि तो पत्ता मघाच्या बगचा नाही, वेगळाच आहे. मी तो वहीत लिहून ठेवतो, तारखेसकट.